रेसिडेंट ईव्हिल २ (२०१९): पोलीस ठाण्यातून जिवंत सुटण्याचा हिशेब

खिडकीची_फळी

'झॉम्बी मरतच नाहीत' आणि 'गोळ्या पुरतच नाहीत' या दोन तक्रारी इथे दर आठवड्याला येतात, म्हणून वेगळा धागा. कॅपकॉमच्या १९९८ च्या मूळ खेळाबद्दल नाही, २५ जानेवारी २०१९ ला नव्याने बनवून आणलेल्या खेळाबद्दल. पहिली फेरी, स्टँडर्ड (मधली) अडचण, लिऑन किंवा क्लेअर या दोन नायकांपैकी कुणीही.

दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच. इथे गोळी झॉम्बी मारायला नसते, वाट मोकळी करायला असते. रॅकून सिटीचं पोलीस ठाणं ही पूर्वीची म्युझियमची इमारत. एक चावी इथे सापडते, तिचं दार तिकडे, त्या दारामागची वस्तू परत तिसरीकडे लावायची. म्हणजे त्याच बोळांतून आठ-दहा खेपा ठरलेल्या. ज्या बोळातून पुन्हा पुन्हा जायचं तिथला झॉम्बी निकालात काढायचा आणि ज्या खोलीत एकदाच डोकवायचं तिथला चकवायचा. नवखे लोक नेमकं उलटं करतात. कोपऱ्यातल्या खोलीत दहा गोळ्या उधळतात आणि रोजच्या रस्त्यावरच्याला वळसा घालून पळत राहतात.

रोजचा रस्ता कोणता? मुख्य दालनातून पश्चिमेला रिसेप्शन, पाण्याने भरलेला बोळ, वेस्ट ऑफिसच्या बाजूने डार्क रूम आणि तिथला जिना. हा कणा समजा. (खेळातला '१एफ' म्हणजे आपला तळमजला. मजल्यांचा हा गोंधळ पहिल्या तासात फार जणांना फिरवतो.)

या बोळाच्या खिडक्यांतून झॉम्बी आत येतात. मेलेले मोजून झाले तरी बोळ परत भरतो तो यामुळेच. लाकडी फळ्या सापडतात त्या याच कामाच्या. एका खिडकीला एक फळी, ठोकली की ती खिडकी कायमची मिटली. फळ्या मोजक्या आणि खिडक्या जास्त, तेव्हा आधी या कण्यावरच्या खिडक्या. पूर्वेकडच्या खिडकीसाठी फळी राखून ठेवायची आणि बॅगेत तिचा एक खण अडकवून फिरायचं, यात काही अर्थ नाही. सापडली की ठोका.

नकाशा सारखा उघडत जा. खोली लाल दिसली तर आत अजून काहीतरी आहे, निळी झाली तर तिथलं काम संपलं. निळ्या खोलीत परत पाऊल टाकायचं कारण नाही.

रातकिडा_४२

+१. नेमबाजीचं लिहायचं राहिलं, ते मी जोडतो.

बंदूक रोखली की समोर चार रेघांची चौकट दिसते. चालताना ती पसरलेली असते. पाय रोवून उभे राहिलात की अर्ध्या-एक सेकंदात आक्रसते. आक्रसल्यावर सोडलेली गोळी जास्त लागते आणि डोकं एका फटक्यात फुटण्याची शक्यताही वाढते. मागे सरकत धडाधड मारलेल्या सहा गोळ्यांपेक्षा थांबून मारलेल्या तीन बऱ्या. अवघड गोष्ट एवढीच की तो अंगावर येत असताना थांबायचं असतं.

दुसरं म्हणजे डोक्याचा हट्ट सोडा. कुणी चार गोळ्यांत पडतो, कुणी नऊ खाऊनही उठतो. हे नशिबावर आहे. गुडघा मात्र भरवशाचा. एका पायावर सलग मारलं की पाय तुटतो आणि तो सरपटायला लागतो. सरपटणारा झॉम्बी रुंद बोळात निरुपद्रवी असतो, अरुंद बोळात पाय पकडतो. म्हणून अरुंद जागी पूर्ण निकाल लावायचा, रुंद जागी नुसता लंगडा करून पुढे.

शॉटगन हातभर अंतरावरून, थेट डोक्याला. एका काडतुसात विषय संपतो. चार पावलांवरून मारलीत तर छर्रे फाकतात आणि काडतूस वाया.

दोन_चावे

पडलेला खरंच मेलाय का ते कसं कळतं? डोकं फुटलं तर प्रश्नच नाही, पण नाही फुटलं तर?

रातकिडा_४२

@दोन_चावे, सुरा. जमिनीवर पडलेल्याला एक वार करून बघा. जिवंत असेल तर अंग हलवतो, कण्हतो. मग उभं राहून त्याच्या पायावर सुरा चालवत राहा, पाय तुटेपर्यंत. गोळी शून्य खर्च. तोंडाच्या बाजूला उभं राहू नका, हात लांब करून धरतो.

बिनहिशेबी

अंशतः असहमत. सुऱ्याला आयुष्य असतं, वापराल तसं ते कमी होतं आणि संपलं की सुरा गेला. लेफ्टनंट मार्व्हिन देतो तो पहिला सुरा मेलेल्यांची तपासणी करण्यात झिजवलात तर ऐन वेळी हातात काय राहणार?

सुऱ्याचं खरं मोल झॉम्बीने गळा पकडल्यावर. त्या क्षणी बचावाचं बटण दाबलं की सुरा त्याच्या छातीत जातो आणि चावा टळतो. सुरा मात्र त्याच्याच अंगात रुतून राहतो. तो परत हवा तर त्याला पाडून उचलावा लागतो. हे न कळल्यामुळे कित्येक जण 'सुरा गायब झाला' म्हणून बग समजतात. गायब नाही, बोळात फिरणाऱ्याच्या छातीत आहे, बघा.

हातबॉम्बही असाच बचावाला चालतो. तोंडात कोंबला जातो, मग लांब होऊन त्यावर गोळी झाडा. दिसायला झकास, पण हातबॉम्ब एका साध्या झॉम्बीवर घालवणं म्हणजे चैन.

खिडकीची_फळी

@बिनहिशेबी, मान्य. मधला मार्ग असा की पहिला सुरा बचावाला राखा आणि दुसरा सापडला की जुना अर्धा झिजलेला कापाकापीला काढा.

आजीचा_कंदील

बॅगेवर कुणीच बोललं नाही, आणि निम्मे लोक मरतात ते बॅगेपायी.

सुरुवातीला ८ खण. प्रत्येक कमरेच्या पाऊचने २ वाढतात, सगळे पाऊच मिळाले तर २०. पहिला वेस्ट ऑफिसच्या तिजोरीत आहे, तो लवकरात लवकर घ्या.

निघताना निम्मी बॅग मोकळी हवी. एक पिस्तूल, त्याच्या गोळ्या, एक औषध, सुरा, आणि ज्या दाराला निघालात त्याची चावी. बास. शॉटगन, मॅग्नम, जादा काडतुसं सगळं सामानाच्या पेटीत. पेटी सगळीकडे एकच असते, इथे ठेवलेलं तिथे निघतं. चावीचं काम संपलं की तिच्यावर लाल खूण येते. ती आली की चावी टाकून द्या, जपून ठेवायचं काही कारण नाही.

आता वनस्पती:

हिरवी एकटी थोडं बरं करते. हिरवी + लाल म्हणजे पूर्ण बरं. तीन हिरव्या एकत्र केल्या तरी पूर्ण, पण मग लालचं काम हिरव्यांनी केल्यासारखं होतं. लाल एकटी वापरताच येत नाही, म्हणून ती दिसली की घेऊन पेटीत ठेवा. निळी विष उतरवते. पोलीस ठाण्यात निळीचा उपयोग जवळपास नाही, पण गटारात जी-ॲडल्ट नावाचे लिबलिबीत प्राणी विष टाकतात, तिथे ती नसेल तर रडकुंडीला याल. हिरवी + लाल + निळी असं त्रिकूट केलं तर पूर्ण बरं, विष उतरतं आणि काही वेळ मारही कमी लागतो. हे बॉससाठी (टप्प्याच्या मोठ्या शत्रूसाठी) राखा.

मिश्रण केल्याने दोन खणांचा एक होतो, हा दुसरा फायदा. बॅग भरली की आधी मिसळा, मग टाकायचा विचार करा.

बारुदाचंही तसंच. साधी बारूद + साधी बारूद म्हणजे पिस्तुलाच्या गोळ्या. लिऑनकडे साधी + पिवळी म्हणजे शॉटगनची काडतुसं. मिळाली की लगेच मिसळायची घाई नको, काय कमी पडतंय ते बघून मिसळा.

दोन_चावे

ताई, हे वाचनखूण म्हणून साठवलं. आता तिजोऱ्यांचे आकडे पण द्या कुणीतरी. कागद शोधत हिंडायला वेळ नाही.

बिनहिशेबी

कागद शोधण्यातच मजा आहे हो... पण घ्या. ज्यांना स्वतः शोधायचंय त्यांनी हा प्रतिसाद सोडून खाली जावं.

मुख्य दालनातल्या तीन पुतळ्यांची तीन पदकं मिळवायला पुतळ्यांवर लावायची चिन्हं, पहिल्या फेरीसाठी: सिंह म्हणजे सिंह, फांदी, पक्षी. युनिकॉर्न म्हणजे मासा, विंचू, पाण्याचा घडा. तरुणी म्हणजे स्त्री, धनुष्य, साप. दुसऱ्या फेरीत ही चिन्हं बदलतात, तेव्हा हीच लावून 'चालत नाही' म्हणून परत येऊ नका.

वेस्ट ऑफिसची तिजोरी: डावीकडे ९, उजवीकडे १५, डावीकडे ७. पहिल्या मजल्यावरच्या (खेळातल्या २एफच्या) वेटिंग रूमची: डावीकडे ६, उजवीकडे २, डावीकडे ११. गटारातली: डावीकडे २, उजवीकडे १२, डावीकडे ८.

लॉकरची अक्षरं: शॉवर रूमजवळ सी-ए-पी, खेळातल्या ३एफवर डी-सी-एम, गटारात एस-झेड-एफ.

वेस्ट ऑफिसमध्ये लिऑनच्या स्वागताचं टेबल आहे, त्याला दोन कुलपं. डावीकडे एन-ई-डी, उजवीकडे एम-आर-जी. आसपासच्या टेबलांवरच्या पाट्या वाचल्या तर अक्षरं कुठून आली ते कळतं. लिऑनला तिथे पिस्तुलाची मोठी मॅगझिन मिळते, क्लेअरला रिव्हॉल्वर झटकन भरायचा स्पीडलोडर. क्लेअरच्या रिव्हॉल्वरमध्ये फक्त ५ गोळ्या मावतात, त्यामुळे तिला हा स्पीडलोडर जास्तच गरजेचा.

छोट्या, हातात मावणाऱ्या तिजोरीचा क्रम मात्र मागू नका. त्या आठ बटणांचा क्रम प्रत्येक खेळात वेगळा पडतो. एक बटण दाबा, वर्तुळात कुठला दिवा लागला ते बघा. दिवे ओळीने, एकाच दिशेने लागले पाहिजेत. चुकलं की सगळं पहिल्यापासून, त्यामुळे कागद-पेन घेऊन बसा. आतलं छोटं बटण फेकू नका. सेफ्टी डिपॉझिट रूमच्या कीपॅडची दोन बटणं गायब असतात, ती हीच.

रात्रीचा_पहारा

धागा छान चाललाय पण ठाण्यातला खरा मालक आलाच नाही अजून. मिस्टर एक्स, हॅट घातलेला, पाठलाग करणारा धिप्पाड राक्षस.

पहिल्या फेरीत तो येतो ठाण्यावर कोसळलेल्या हेलिकॉप्टरची आग विझवून परत फिरताना. जळकं हेलिकॉप्टर हाताने उचलून बाजूला करतो, तोच तो. तिथून पुढे ठाण्यात असेपर्यंत तो मागे असतो. म्हणून आग विझवण्याआधी पश्चिमेकडची सगळी लाल खोल्यांची कामं उरका. नंतर तीच कामं त्याला टाळत करावी लागतात, दुप्पट वेळ जातो.

तो मरत नाही. खूप गोळ्या घातल्या तर एका गुडघ्यावर बसतो, थोड्या वेळाने उठतो. त्या गोळ्या तुम्हाला परत कुणी देत नाही. शिवाय बंदुकीचा आवाज ऐकून तो येतो, म्हणजे दूरच्या खोलीत साध्या झॉम्बीवर चार बार काढले की पाहुणा हजर.

हेडफोन लावा. ऑडिओच्या पर्यायांत हेडफोनसाठी बायनॉरल आहे, तो चालू करा. त्याच्या बुटांचा ठोका कुठल्या बाजूने येतो, वरून की खालून, जवळ की लांब, हे स्पष्ट कळतं. ठोका मंद झाला तर निवांत काम करा. ठोका थांबून दार आपटल्याचा आवाज आला तर तो एका खोलीवर आहे.

समोरासमोर आलात तर पाठ फिरवून लांब पळण्यापेक्षा त्याच्या बगलेतून निसटणं बरं. तो उजवा हात मागे नेतो, ठोसा येणार. तो निघाला की विरुद्ध बाजूने वाकून पुढे. मधोमध टेबल असलेली खोली मिळाली तर एक फेरी मारा आणि आलात त्याच दाराने बाहेर. दारातून येताना तो हॅट सांभाळत वाकून येतो, तेवढे दोन-तीन सेकंद तुमचे.

दोन_चावे

मुख्य दालनात खेळ सेव्ह करायचा टाइपरायटर आहे, पेटी आहे, मग तिथेही येतो?

रात्रीचा_पहारा

येतो. मुख्य दालन सुरक्षित खोली नाही, हा गैरसमज फार जणांना महागात पडतो. डार्क रूममध्ये येत नाही. बाहेर येऊन उभा राहतो, पण आत नाही.

आजीचा_कंदील

आणि लिकर. (नाव ऐकून हसू नका, बाटलीतली नव्हे.) कातडी नसलेला, मेंदू उघडा, भिंतीवर-छतावर चालणारा. त्याला दिसत नाही, फक्त ऐकू येतं. बोळात लिकर असला तर पळू नका, चालाही सावकाश, कंट्रोलरची काठी किंचितच ढकलून. अगदी हातभर अंतरावरून गेलात तरी आवाज नसेल तर तो ढिम्म. तो जवळ आला तर जागीच थांबा.

घोळ कुठे होतो, तर मिस्टर एक्स मागे आणि लिकर पुढे असला की. पळालात तर लिकर, चाललात तर ठोसा. अशा वेळी बोळात शिरूच नका, आधी मिस्टर एक्सला वेगळ्याच मजल्यावर नेऊन गुंगारा द्या आणि मग परत या. फ्लॅश ग्रेनेड असेल तर दोघांनाही क्षणभर गप्प करतो. ठाण्यातल्या फ्लॅश ग्रेनेडचा यापेक्षा चांगला उपयोग माझ्या मते नाही.

बिनहिशेबी

एक शंका वरच्या हिशेबावर. 'रोजच्या रस्त्यावरचे मारा' हे स्टँडर्डला ठीक. हार्डकोरवर तेवढ्या गोळ्या असतात का? तिथे दोन चाव्यांत माणूस लंगडायला लागतो, आपोआप सेव्ह होत नाही आणि टाइपरायटरला शाई-फीत लागते. माझं मत, हार्डकोरवर मारणं विसरा, फक्त गुडघे.

खिडकीची_फळी

@बिनहिशेबी, रस्ता तोच, साधन वेगळं. हार्डकोरला फळ्यांची किंमत दुप्पट होते, कारण खिडकीतून न आलेल्या झॉम्बीवर शून्य गोळ्या लागतात. आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याने हार्डकोर घेऊच नये, नकाशा पाठ नसताना शाई-फीत कुठे वापरायची हेच कळत नाही. असिस्टेड या सर्वांत सोप्या अडचणीत नेम आपोआप लागतो आणि प्रकृती थोडी आपोआप सुधारते. ज्यांना गोष्टच बघायची आहे त्यांनी खुशाल तो घ्यावा, त्यात कमीपणा नाही.

शर्यतीवाल्यांसाठी: खेळ संपल्यावर मिळणाऱ्या एस श्रेणीला स्टँडर्डवर ३ तास ३० मिनिटांच्या आत, हार्डकोरवर २ तास ३० मिनिटांच्या आत. एस+ हवी तर जास्तीत जास्त ३ सेव्ह. १४,००० पावलांच्या आत संपवायचं एक वेगळं पदकही आहे. ते करायला बसलात की 'एका खेपेत किती कामं' हा हिशेब आपोआप डोक्यात बसतो. ठिकठिकाणी ठेवलेले रॅकूनचे १५ बाहुले फोडले की कधीच न झिजणारा सुरा मिळतो, तोवर सुऱ्यावरून वर झालेला वाद चालू राहू दे.

जुना_लॅपटॉप

थोडं अवांतर, पण उपयोगाचं. २०१९ ला आला तेव्हा पीसीवर या खेळाची किमान गरज आय५-४४६० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ७६० दर्जाचं कार्ड एवढीच होती. २०२२ च्या जूनमध्ये रे-ट्रेसिंगचं अपडेट आलं आणि खेळ डायरेक्टएक्स १२ वर गेला. त्यानंतर जुन्या मशिनांवर तो अडखळायला लागला. स्टीमवर खेळावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथे बीटाज, आणि यादीतून 'डीएक्स११' ने सुरू होणारी, 'नॉन-आरटी' वाली शाखा निवडा. जुनी आवृत्ती उतरते. पोत (टेक्स्चर) किती मेमरी खातो ते ग्राफिक्सच्या पानावर पट्टीत दिसतं. २ जीबीचं कार्ड असेल तर पट्टी लाल होऊ देऊ नका, नाहीतर दार उघडताना झटका बसतो आणि नेमका तेव्हाच झॉम्बी समोर.

दोन_चावे

ठाण्यातून सुटलो. आता गटारात कंटेनरवाल्या क्रेनपाशी अडकलोय. तिथल्या बॉसच्या, बिर्किनच्या डोळ्यावर शॉटगन रिकामी केली, तरी पडत नाही.

रात्रीचा_पहारा

गोळ्यांनी पडणारच नाही, तो क्रेनचा मामला आहे. बाजूच्या पॅनलवर एकदा दाबा, कंटेनर रुळावरून हळूहळू लांब जातो. तो टोकाला पोहोचेपर्यंत फक्त जीव वाचवत फिरा, पॅनलला परत हात लावू नका. पोहोचल्यावर बिर्किन रुळाच्या वाटेवर येईल असे उभे राहा, त्याचा उघडा डोळा दिसला की तिथेच मारा. तो वाकला, थबकला, की लगेच पॅनल. कंटेनर जोरात उलटा येतो आणि त्याला घेऊन जातो. पहिल्या फटक्याने तो उठतो, म्हणून सगळं पुन्हा एकदा.

चूक नेहमी एकच होते, तो वाटेवर नसतानाच घाईने पॅनल दाबलं जातं. कंटेनर मोकळाच येऊन जातो आणि मग कंटेनर परत टोकाला जाईपर्यंत त्या अरुंद फलाटावर बिर्किनबरोबर फेऱ्या. काडतुसं कमी असतील तर पिस्तुलानेच डोळा गाठा, शॉटगन त्याला अगदी जवळून थोपवायला. आणि त्या फलाटावर पडलेल्या गोळ्या, वनस्पती लढाई चालू असतानाच उचला, कंटेनर लांब जात असतो तोच वेळ त्यासाठी असतो.